शेवटचा शनिवार आम्हाला परत द्या

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही अकरा जण वाचनालयाच्या मागच्या खोलीशी पोचलो, तर दाराला कुलूप. कुलपाच्या वर एक कागद चिकटवलेला : ‘विज्ञानकथा गप्पा हा उपक्रम साहित्यबाह्य व राजकीय स्वरूपाचा होत असल्यामुळे पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात येत आहे.’ खाली संस्थेचा शिक्का होता, सही कुणाचीच नव्हती. आमच्यात अकरावीतला एक मुलगा आहे, इंदूरजवळच्या राऊहून येतो. घराबाहेर सगळं हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी सलग वाचायला तो या खोलीतच शिकला. त्याने मला विचारलं, ‘‘आजी, साहित्यबाह्य म्हणजे?’’ मी अर्थ सांगितला. मग तो म्हणाला, ‘‘म्हणजे नारळीकरांची पुस्तकं पण बाहेर काढणार?’’

ती आधीच बाहेर गेली आहेत हे त्याला माहीत नव्हतं. त्याबद्दल पुढे लिहितेच.

त्या कागदानंतर मी कार्यकारिणीला दोन पत्रं दिली. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही. म्हणून आता सर्व सभासदांसमोर आणि इंदूरच्या मराठी माणसांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्यांना पत्र आहे त्यांना ते कळेल, आणि संस्थेची बदनामी व्हावी असं मला स्वप्नातही वाटत नाही. या वाचनालयाने माझ्या वडिलांना सांभाळलं आहे.

गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीला आले होते. हिशेबनीस माणूस, दुसरं काम येत नव्हतं. तरी रोज सकाळी ठरलेल्या वेळी डबा घेऊन घरातून निघत, इथे वाचनकक्षात येऊन बसत आणि पाचच्या सुमाराला परत येत. त्या दोन वर्षांत त्यांनी इथलं विज्ञानकथांचं कपाट संपवलं. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. घरी आले की जेवताना आम्हाला गोष्ट सांगत. थकबाकी कधी मिळणार हे त्या दिवसांत शहरात कुणी सांगू शकत नव्हतं, आणि आमच्या घरात मात्र रोज रात्री पुढच्या शंभर वर्षांवर बोलणं चाले. त्यांनी त्या काळात खचून अंथरूण धरलं नाही, याचं श्रेय मी आजही या वाचनालयाला देते.

त्याच्याही आधीचं सांगते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. अंतराळयानाची अमेरिकी मालिका, तीही इंग्रजी, रामबागेतल्या आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरी, समोर वीस-पंचवीस माणसं, आणि वडील बाजूला उभे राहून वाक्यावाक्याचं मराठी करत. यानावरची संदेश अधिकारी लेफ्टनंट उहुरा पडद्यावर आली की ते मला हाक मारून म्हणत, ‘‘नीट बघ गं, ही बाई चहा घेऊन आलेली नाही. हिने निरोप पोचवला तर यान चालतं.’’ मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. पुढे बत्तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं, त्याची सुरुवात त्या वाड्यात झाली.

उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं. कृष्णवर्णीय बाई मानाच्या जागी बसलेली देशभरच्या घराघरांत दिसते आहे, ती जागा सोडू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९७७ पासून याच निकोल्सबाई नासासाठी फिरल्या. स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीय तरुणांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून. १९७८ साली निवडलेल्या तुकडीत पुढे अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकन स्त्री सॅली राइड होत्या, पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन गाय ब्लुफर्ड होते. आता या एवढ्याशा हकिगतीतली मालिका, विज्ञान आणि राजकारण तुम्ही मला वेगळं काढून दाखवा. माझ्याच्याने होत नाही. आमच्या खोलीतही ते झालं नाही, आणि त्याचीच शिक्षा आम्हाला दिली गेली.

आता खोलीबद्दल. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर उतरताना चंद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला. त्या संध्याकाळी वाचनकक्षात आम्ही चौघं जण पेपर पुढे ठेवून नुसते बसलो होतो. आमच्यातले इथल्या कॅट या संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ काका म्हणाले, ‘‘उतरताना वेग कसा कमी करतात ते तुम्हाला माहीत आहे का?’’ आणि मागच्या खोलीतल्या फळ्यावर त्यांनी दीड तास समजावलं. तेव्हाच्या ग्रंथपालांनी चहा पाठवला आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी खोली तुमची म्हणून सांगितलं. टाळेबंदीचा काळ सोडला तर आम्ही एकही शनिवार चुकवला नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा बुधवार होता, तरी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी कार्यकारिणीचे तीन सदस्यही आमच्यात उभे होते, आठवत असेल.

आमचा क्रम साधा असतो. आधी एखाद्या मालिकेचा भाग बघायचा किंवा एक कथा मोठ्याने वाचायची. मग महिनाभरातल्या विज्ञानाच्या बातम्या. मग वाद. वादाशिवाय घरी कुणी जात नाही.

या शहराच्या कडेला राजा रामण्णा केंद्र आहे, ज्याला आपण सगळे अजून कॅटच म्हणतो. आपण सुखनिवासच्या बाजूला सहलीला जातो, कॅटची भिंत बघतो, आत काय चालतं कुणाला पत्ता नसतो. आत इंडस-२ आहे. साधारण १७२ मीटर परिघाच्या वर्तुळाकार नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि चुंबकांनी वळवताना क्ष-किरण बाहेर टाकतात. त्या किरणांनी देशभरचे संशोधक धातूंचा, प्रथिनांचा, औषधांचा अभ्यास करतात. नळीतली हवा बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या भागाहूनही कमी ठेवावी लागते, आणि ती तशी ठेवण्यात काकांची नोकरी गेली. हे त्यांनी मराठीत, आपल्या खोलीत, एका औषधविक्रेत्याला, दोन गृहिणींना आणि एका शाळकरी मुलाला सांगितलं. इंदुरात हे मराठीत दुसरीकडे कुठे ऐकायला मिळतं?

जूनमध्ये आम्ही गच्चीवर काठी रोवतो. इंदुरात वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायातच जाते. दिल्लीत हे कधीच घडत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. राऊच्या मुलाने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा काठीच्या भोवती तो तीन प्रदक्षिणा घालून आला. आता गच्चीच्या दारालाही कुलूप आहे.

आणखी एक, फार महत्त्वाचं. मागच्या वर्षी आम्ही एक भाग बघितला, त्यात मेलेल्या माणसाचा आवाज यंत्राने हुबेहूब तयार केला होता. त्यावर तासभर बोलणं झालं, हे आज खरोखर करता येतं हे एका अभियांत्रिकीच्या मुलीने मोबाइलवर करून दाखवलं. पुढे पंधरा दिवसांनी आमच्यातल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या काकूंना मुलाच्या आवाजात फोन आला, पोलिसांनी धरलंय, पैसे पाठव. काकूंनी फोन ठेवला आणि मुलाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावला. तो ऑफिसात जेवत होता. एकट्या राहणाऱ्या त्या बाईची आयुष्यभराची पुंजी त्या दिवशी वाचली. साहित्यबाह्य म्हणून जे थांबवलं, त्यात हेही आलं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार, आम्हाला विचारलं नाही. कुणी तक्रार केली, कशाबद्दल केली, कोणत्या बैठकीत ठराव झाला, कुणी मांडला, काहीच कळवलं नाही. आमच्यातले सात जण आजीव सभासद आहेत. सभासदाला न ऐकता त्याच्या विरुद्ध ठराव करण्याची रीत या संस्थेत मी चाळीस वर्षांत पाहिली नाही.

दुसरी तक्रार ‘राजकीय’ या शब्दाबद्दल आहे आणि ती मला सविस्तर मांडायची आहे, कारण कुजबुज माझ्या कानावर आली आहे. कुलूप लागण्याच्या आदल्या महिन्यात एका नव्या गृहस्थांनी विचारलं होतं की फलज्योतिषाला विज्ञान म्हणायला काय हरकत आहे. मी नारळीकरांनी २००८ साली पुण्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर केलेला प्रयोग सांगितला. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. मी कुणाच्या देवाबद्दल बोलले नाही, कुणाच्या पक्षाबद्दल बोलले नाही. तरी ‘श्रद्धा दुखावल्या’ अशी चिठ्ठी तुमच्याकडे आली.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. तुम्ही शोकसभा घेतली, त्यांचा फोटो मोठ्या सभागृहात लावला, हार घातला, आणि मला ते मनापासून आवडलं होतं. ज्यांच्या फोटोला हार घातला त्यांनी काय केलं हे त्याच इमारतीत मागच्या खोलीत सांगणं राजकीय कसं ठरलं, याचं उत्तर मला कार्यकारिणीकडून हवं आहे.

ज्योतिषावर बोलणं झालं त्याच संध्याकाळी पाठ्यपुस्तकांचाही विषय निघाला हे मी लपवत नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग आणि आवर्त सारणीचं प्रकरण काढलं गेलं. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी उत्क्रांती वगळण्याविरुद्ध खुलं पत्र काढलं. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, पण जो मुलगा अकरावीला जीवशास्त्र घेत नाही त्याला ती शाळेत भेटणारच नाही. आमचा राऊचा मुलगा गणितवाला आहे. त्याने ‘माणूस कसा झाला’ हे आम्हाला विचारलं आणि आम्ही सांगितलं. पुस्तकातून भाग काढणं हा निर्णय कुणी तरी घेतला, त्यावर सामान्य माणसाने बोलणं हे राजकारण असेल तर हो, आम्ही राजकारण करतो. पण आमच्या खोलीत एका बाजूचीच माणसं बसतात असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. आमच्यातले दोघं जण निवडणुकीत कायम एकमेकांच्या विरुद्ध पक्षाला मत देतात, अंतराळावर खर्च किती करावा यावर दर वेळी हमरीतुमरीवर येतात आणि मग एकाच स्कूटरवरून सुदामा नगरला घरी जातात.

तिसरी, ‘साहित्यबाह्य’. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. नावाचा दबदबा पडू नये म्हणून जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे टोपणनाव, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे साहित्य अकादमीने नारळीकरांच्या आत्मचरित्राचा गौरव केला आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी साहित्याने ज्याला सर्वोच्च खुर्चीवर बसवलं त्याची वाट साहित्याच्या बाहेरची म्हणायची? आणि साहित्यिकाने राजकारण बोलू नये म्हणणाऱ्यांना आपल्याच गावच्या लेकीची आठवण करून देते. दुर्गाबाई भागवत १९१० साली इंदुरात जन्मल्या. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात, आणीबाणी चालू असताना, केंद्रीय मंत्री स्वागताध्यक्ष म्हणून समोर बसलेले असताना, त्यांनी अध्यक्षपदावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे तुरुंगात गेल्या. त्यांच्या नावाने आपण दर वर्षी व्याख्यानं ऐकतो, अभिमानाने टाळ्या वाजवतो.

चौथी तक्रार पुस्तकांची. हे लिहिताना मला त्रास होतो आहे. विज्ञानकथांचं कपाट दोन वर्षांपूर्वी ‘बालविभागात’ हलवलं, आम्ही गप्प बसलो. गेल्या पावसाळ्यानंतर बालविभागाची ‘सफाई’ झाली. ऑक्टोबरमध्ये मी मालगंज चौकातून येत होते, तिथे एका रद्दीवाल्याच्या हातगाडीवर आपला शिक्का दिसला. चौदा पुस्तकं होती, मी ती वजनावर विकत घेतली. एकाच्या शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर देवघेवीच्या तारखा आहेत आणि सभासद क्रमांक माझ्या वडिलांचा आहे. चार वेळा नेलेलं पुस्तक. ती चौदाही पुस्तकं माझ्याकडे कव्हर घालून ठेवली आहेत आणि संस्था मागेल त्या दिवशी मी परत करीन, पैसे न घेता.

प्रोजेक्टरच्या विजेचं म्हणाल तर मीटर लावा, बिल आम्ही भरू.

आमची चूकही आहे आणि ती मी मान्य करते. ज्योतिषाच्या त्या संध्याकाळी आवाज चढले. शेजारच्या वाचनकक्षात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची मुलं अभ्यास करत होती, त्यातली एक मुलगी येऊन हात जोडून गेली. आम्हाला त्याची लाज वाटली आणि पुढच्या दिवशी आमच्यातल्या दोघांनी जाऊन तिची माफी मागितली. यासाठी नियम करा, आम्ही पाळू. पण आवाज चढला म्हणून विषयालाच कुलूप घालणं मला मान्य नाही.

आमच्या मागण्या :

१. शेवटच्या शनिवारी सहा ते आठ ही वेळ आणि मागची खोली पूर्ववत द्यावी. वाचनकक्षाच्या शांततेसाठी काय काय करायचं ते आमच्या दोघांना बोलावून एकत्र ठरवावं.

२. स्थगितीचा ठराव, त्याची तारीख आणि त्यामागची तक्रार, तक्रारदाराचं नाव झाकून का होईना, सूचनाफलकावर लावावी.

३. चर्चेच्या विषयांची यादी आधी मंजूर करून घ्या, असं जे तोंडी सुचवलं गेलं ते मागे घ्यावं. कुणा व्यक्तीबद्दल, जातीबद्दल, धर्माबद्दल अपमानाचा शब्द आला तर बैठक तिथेच थांबवू, हे आम्ही लिहून देतो.

४. विज्ञानकथांचं कपाट मोठ्यांच्या विभागात परत यावं. कोणती पुस्तकं काढून टाकली त्याची यादी सभासदांना मिळावी. जी मिळत असतील ती पुन्हा घ्यायला आम्ही वर्गणी जमवू.

५. गच्चीची किल्ली जून आणि जुलैतले ते दोन दिवस तरी मिळावी.

अशी पत्रं लिहिण्याची विज्ञानकथेच्या चाहत्यांना जुनी सवय आहे. १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ बंद पडणार असं कळल्यावर अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी वाहिनीला पत्रांनी भंडावून सोडलं. शेवटी मालिका चालू राहणार, आता पत्रं पाठवू नका, असं वाहिनीला पडद्यावरून सांगावं लागलं. १९७६ मध्ये त्यांच्याच पत्रांमुळे अध्यक्ष फोर्ड यांच्या सरकारने पहिल्या स्पेस शटलला त्या कथेतल्या यानाचं, एंटरप्राइझ हे नाव दिलं. आम्ही अकरा जण आहोत. ज्या सभासदांना हे पत्र पटेल त्यांनी आपापलं पोस्टकार्ड कार्यकारिणीला टाकावं, दोन ओळी पुरेत, भाषा सभ्य असावी.

उत्तर येईपर्यंत या महिन्याचा शेवटचा शनिवार आम्ही सोडणार नाही. सहा वाजता वाचनालयाच्या बाहेरच्या ओट्यावर बसू, ये-जा करणाऱ्यांना वाट ठेवून. दिवे आमचे आम्ही आणू. ‘कृष्णविवर’ राऊचा मुलगा वाचणार आहे, त्याने घरी तीनदा सराव केलाय. कार्यकारिणीतल्या कुणाला ऐकायला यायचं असेल तर काकूंनी चहाचा थर्मास मोठा आणायचं कबूल केलं आहे.

आपली,
एक आजीव सभासद आणि निवृत्त शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर